आतोबा आणि नामंजूर आजार

भोपाळ शहरात आमच्या आतोबांचं भांडण झालं नाही असं एकही काउंटर शिल्लक नाही. बँक, वीज कार्यालय, गॅस एजन्सी, रेल्वेचं आरक्षण. जिथे काचेला अर्धगोल भोक आहे आणि पलीकडे माणूस बसला आहे, तिथे आतोबा एकदा तरी त्या भोकाला तोंड लावून बोललेले आहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे वर्ध्याकडचे. ऐन तारुण्यात इथल्या मोठ्या कारखान्यात लागले, टर्बाइनच्या शेडमध्ये आयुष्य काढलं आणि बाग सेवनियात घर बांधून राहिले. शेडमधल्या घरघरीवर मात करायला जो आवाज कमावला, तो निवृत्तीच्या दिवशी परत करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. ते जेवताना 'मीठ दे' म्हणाले की शेजारच्या घरातही कुणीतरी मिठाचा डबा शोधायला उठतं. एकदा नव्या कुकरची शिटी होईना, तर हा गृहस्थ कुकर आतल्या कच्च्या डाळीसकट दुकानात घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, दाल तो निकाल लेते." आतोबा म्हणाले, "दाल गवाह है." कुकर बदलून मिळाला. डाळ मात्र त्या दिवशी दुकानदाराच्या घरी शिजली, कारण नवा कुकर चालतो की नाही हे तिथेच बघितल्याशिवाय आतोबा हलायला तयार नव्हते.

पण त्यांचं खरं प्रेम विम्यावर. सकाळी आंघोळ झाली की लोक पोथी वाचतात, आतोबा विम्याची पॉलिसी वाचत. स्वतःची वाचून संपली की शेजाऱ्यांच्या मागून आणत. भिंग लावून, मोठ्याने. समोर वाती वळत बसलेल्या आत्याला 'प्रतीक्षा काळ' आणि 'पूर्वीपासून असलेले आजार' ही कलमं आरतीसारखी पाठ झाली होती. कॉलनीत कुणाचा क्लेम अडला की तो आतोबांकडे येई, आणि आतोबा तो सोडवून आणीत. अडचण पुढे होती. क्लेम सुटला की त्यांना आनंद आवरत नसे. शेजारच्या गुप्ताजींच्या ऑपरेशनचे अडवलेले पैसे मंजूर झाले, तेव्हा आतोबांनी स्वतःच्या खर्चाने पेढे आणले आणि प्रत्येक फाटकाशी उभं राहून जाहीर केलं, "लीजिए, गुप्ताजी का हर्निया पास हो गया." गुप्ताजी त्यानंतर कितीतरी दिवस फिरायला मागच्या गल्लीने जात.

अशा माणसाच्या हाती माझं प्रकरण पडलं.

त्या वर्षी माझी झोप गेली. आधी झोप, मग भूक, मग बोलणं. ऑफिसात संगणकापुढे बसायचो आणि संध्याकाळी उठायचो, मधे काय केलं ते आठवायचं नाही. एका दुपारी ऑफिसच्या जिन्यात बसलो तो उठताच येईना. पाय धड होते, चक्कर नव्हती, फक्त उठण्याचं कारण सापडत नव्हतं. सहकाऱ्यांना चक्करच वाटली, त्यांनी बायकोला बोलावलं आणि तिने साकेत नगरच्या बाजूला एका खासगी इस्पितळात मला मनोविकार विभागात भरती केलं. बायकोने कॉलनीत सांगितलं, डेंग्यू झालाय. ती काही खोटं बोलणारी बाई नाही, पण तिच्या तोंडून खरं निघेना, आणि ते निघू नये म्हणून मीच पलंगावरून तिच्याकडे बघत होतो. मग काय, चांगल्या शेजाऱ्यांनी पपईच्या पानांचा रस पाठवायला सुरुवात केली. स्टीलच्या बाटल्या भरभरून. कडू जहर तो रस मी रोज मुकाट्याने प्यायलो. वाटायचं, निदान एवढी तरी शिक्षा व्हावी.

आतोबा भेटायला आले ते थेट विम्याच्या टेबलाशी गेले. मला तेव्हा नळी वगैरे काही लावलेली नव्हती, म्हणून मीही त्यांच्या मागे गेलो. खरं तर त्यांना थांबवायला. टेबलावरच्या मुलाने माझी फाइल चाळली आणि सहानुभूतीने आवाज उतरवला. "सर, साइकियाट्री में क्लेम फँस जाता है. डॉक्टर साहब से वायरल बुखार लिखवा लीजिए, आराम से निकल जाएगा."

मला तर तो देवदूत वाटला. माझी पॉलिसी ऑफिसमार्फत होती. वायरल लिहिलं तर ऑफिसलाही वायरलच कळणार. मी मान हलवणार एवढ्यात आतोबा म्हणाले, "बुखार दिखाओ. थर्मामीटर लाओ, इसको लगाओ."

"बाबूजी, धीरे बोलिए."

"काहून? चोरी केली का आम्ही?" रागात त्यांची हिंदी सुटून मराठी येई. मग त्या मुलाला त्यांनी कायदा समजावला. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यायचा, असा देशाचा कायदा आहे, मेहेरबानी नाही. प्रतीक्षालयात रांगेने बसलेली माणसं माना वळवून बघत होती. त्यात आमच्या ऑफिसातलं कुणी आहे का, हे बघायचीही माझी छाती झाली नाही. मी भिंतीवरचं हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र वाचत उभा राहिलो.

आजार खराच लिहिला गेला, आणि क्लेम नामंजूर झाला. पहिलं उत्तर आलं की या आजाराला पॉलिसीत जागा नाही. आतोबांनी त्यांना त्यांचाच नियम दाखवला. मग दुसरं उत्तर आलं: जागा आहे, पण रुग्णाला भरती करण्याची गरज नव्हती, औषधं घरीही घेता आली असती. मी म्हणालो, "आतोबा, सोडा ना. झालं गेलं." ते म्हणाले, "तुला हर्निया असता तर सोडलं असतंस?" हर्निया असता तर मी ऑफिसात सांगितलं असतं, ऑफिसने फुलं पाठवली असती.

शेवटी तक्रार विमा लोकपालाकडे सुनावणीपर्यंत गेली. एक छोटी खोली, टेबलापलीकडे साहेब, बाजूला कंपनीची प्रतिनिधी. शांत, समंजस तरुण मुलगी. तिने मला नमस्कारसुद्धा केला. मग म्हणाली, "सर, रिकॉर्ड में लिखा है, पेशंट चल-फिर रहे थे, खाना खा रहे थे. तो भर्ती क्यों?"

आतोबा उत्तर द्यायला अर्धे उठले होते. साहेबांनी हात केला. "उन्हें बोलने दीजिए."

जे बायकोला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही अर्धंच सांगितलं होतं, ते दोन अनोळखी माणसांपुढे आणि आतोबांपुढे सांगायचं होतं. नाही सांगितलं तर कंपनी बरोबर ठरत होती. मी टेबलाच्या कडेकडे बघत म्हणालो, "मैडम, घर पर रहता तो शायद आज मैं नहीं होता."

त्या मुलीने कागद खाली ठेवले. साहेबांनी हलक्या आवाजात पुढचं एक-दोन विचारलं आणि आम्हाला जायला सांगितलं. बाहेर आल्यावर आतोबांनी समोरच्या टपरीवर पोहे-जिलबी घेतली, माझ्या हातात बशी दिली आणि स्वतः पाठ फिरवून उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला वाटत होतं नियमाची भानगड आहे." त्यांचे पोहे तसेच राहिले.

क्लेम मंजूर झाला. त्या संध्याकाळी आतोबा पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आमच्या फाटकाशी उभे. मी बाहेर आलो तेव्हा कॉलनीतली चार माणसं फिरायला निघाली होती. आतोबांनी माझ्याकडे बघितलं आणि, त्यांच्या मानाने हळू, विचारलं, "सांगू का रे सुधीर?"

मी मान हलवली. नको.

ते 'बरं' म्हणाले. आत आले, सोफ्यावर बसले, पुडा उघडला. बायको चहा करायला गेली आणि आम्ही दोघं पेढे खात बसलो. पन्नास घरांचा आनंद दोन माणसांनी संपवायचा म्हणजे सोपं नसतं. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी हाक मारून विचारलं, "डेंग्यू के बाद कमज़ोरी गई कि नहीं?" मी आतूनच म्हणालो, "गई, गई." आतोबांनी मान वर केली नाही. मला इतकी लाज आजारपणातही वाटली नव्हती.

पुढल्या वर्षी आत्या गेली. थोडक्या आजाराने, त्रास न देता. तेराव्यापर्यंत आतोबा सगळ्यांना सूचना देत हिंडत होते, मांडववाल्याशी रीतसर वादही झाला. पाहुणे परतले आणि मग त्यांचं घर हळूहळू गप्प होत गेलं. मी जायचो तेव्हा ते दार उघडून परत खुर्चीत बसत. पॉलिसीचं वाचन थांबलं. दाढी वाढली. विजेचं बिल एकदा भलतंच आलं, उघड चुकीचं, आणि आतोबांनी ते जाऊन भरून टाकलं. हे कळलं त्या दिवशी मी घाबरलो. मला ती खुर्ची ओळखीची होती. त्या खुर्चीतून उठायला कारण सापडत नाही.

"आतोबा, माझ्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"मला काय झालं? वय झालं."

"दाखवायला काय हरकत आहे?"

ते बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "लोक म्हणतील, बायको गेली नि म्हातारा येडा झाला." थोड्या वेळाने पुन्हा, "शेजाऱ्यांनी विचारलं तर गुडघे दाखवायला गेलो म्हण."

मी 'बरं' म्हणालो. मला म्हणायला वेगळं काय होतं? डेंग्यूच्या नावावर जगणाऱ्याने गुडघ्याला काय नावं ठेवावीत.

इस्पितळात नोंदणीच्या काउंटरवर बाईने विचारलं, "कौन से विभाग में दिखाना है?" मी आतोबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते आणि त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली होती. "मनोरोग विभाग," मी म्हणालो. फार मोठ्याने नाही, पण रांगेतल्या दोघांना ऐकू गेलंच. त्यांनी वळून आम्हा दोघांकडे बघितलं. माझे कान तापले. मला वाटत होतं, एवढ्या सगळ्यानंतर तरी तापणार नाहीत.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं ठरवलं. विम्याच्या टेबलावर विचारलं तर आता वेगळा मुलगा होता. म्हणाला, "भर्ती होते तो मिल जाता, सर. सिर्फ बातचीत का नहीं मिलता." म्हणजे माणूस पुरता कोसळला तर विमा आहे, कोसळू नये म्हणून बोलायला आला तर नाही. मी जरा भांडून पाहिलं. माझं भांडण चार वाक्यांत संपलं. पाचवं वाक्य आतोबांकडे असायचं. ते शेजारीच उभे होते. "अच्छा," म्हणाले फक्त, आणि त्या मुलाला धन्यवाद दिले.

आता दर गुरुवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन जातो. फरक पडतोय, डॉक्टर म्हणतात. दाढी करतात, दोन पोळ्या खातात, मधेच आत्याचं काही सांगतात. कॉलनीत त्यांच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि एका शेजाऱ्याने तर मालिशचं तेल आणून दिलंय.

परवाच्या गुरुवारी परत निघताना पार्किंगवाल्याने आमच्याकडून नेहमीपेक्षा जास्त पैसे घेतले. मी मुकाट्याने दिले. मागे आतोबा बसता बसता थांबले. त्यांनी पावती उलटी करून पाहिली, त्या माणसाकडे पाहिलं, घसा खाकरला. आजूबाजूला चांगली गर्दी होती.

"जाऊ दे," आतोबा म्हणाले आणि मागे बसले.

मी किल्ली फिरवली, पण स्कूटर सुरू केली नाही. मागून हॉर्न वाजायला लागले, तरी जरा थांबलो. न जाणो, त्यांचा विचार बदलला तर.