दोन मालकिणींचा भटारखाना

'हवालदार' हे थोरल्या मालकिणीचं टोपणनाव. ते कुणी दिलं याबद्दल एकमत नाही. आचारी श्रेय स्वतःकडे घेतो, वाढपी ते त्याला देत नाहीत. समारंभाच्या सभागृहामागच्या भटारखान्यात ती शिरली की चालू बोलणी थांबत, एवढं मात्र सगळेच सांगतात. हा भटारखाना तिनं आणि तिच्या धाकट्या बहिणीनं मिळून चालवायला घेतला होता. थोरलीकडे स्वयंपाक, धाकटीकडे पेयं, मांडणी आणि गिऱ्हाइकांशी बोलणं. एका म्यानात दोन तलवारी होत्या आणि त्यांचा खणखणाट पाहुण्यांच्या कानांवर जाऊ लागला होता. तक्रारी वाढल्या तेव्हा सभागृहाच्या व्यवस्थापकानं दोघींना समोर उभं केलं.

"पुढचा करार एकीच्याच नावानं होईल," तो म्हणाला. "औषधविक्रेत्यांची पार्टी होऊ द्या, मग ठरवतो कुणाच्या."

औषधविक्रेत्यांच्या संघटनेला कॅसिनोसारखी संध्याकाळ हवी होती. हिरव्या कापडाची टेबलं, आकड्यांचं फिरतं चक्र, पत्ते, पैशांच्या जागी प्लॅस्टिकच्या रंगीत चकत्या. शेवटी ज्याच्यापुढे चकत्यांचा ढीग सर्वांत मोठा, त्याला फ्रिज. दारूला सभागृहात बंदी होती. खाण्यापिण्याचा बेत मात्र पूर्णपणे बहिणींवर सोडलेला होता, आणि तिथंच ठिणगी पडली.

भाजी चिरण्याच्या टेबलाशी झालेलं ते बोलणं आचाऱ्यानं ऐकलं. त्याची साक्ष दोघींच्या सांगण्याशी बहुतांशी जुळते, म्हणून ती ग्राह्य धरायला हरकत नाही.

"ताई, खेळणाऱ्याच्या एका हातात पत्ते असतात," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या हातात मावेल आणि एका घासात संपेल, असंच द्यायचं. तेलकट काही नको, पत्त्यांना डाग पडतात. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट या आकारांची छोटी सँडविचं कापू. काडीला टोचलेलं चीज. डाळिंबाचं लाल सरबत, द्राक्षांचं काळं, बसक्या जाड ग्लासांत, म्हणजे लवंडणार नाहीत."

"जेवायला बोलावलंय की चोच मारायला?"

"खेळायला बोलावलंय."

"तुझ्या काड्यांनी पोट भरत नाही, बाई, दात कोरता येतात. सूप होईल, भाजलेली कोंबडी होईल, भात होईल, पुडिंग होईल. लोक टेबलावरून उठतील, खुर्चीवर बसतील आणि माणसांसारखे जेवतील."

"आणि नाही उठले तर?"

"माझ्या जेवणाला कोण उठत नाही, ते बघतेच मी."

"तुझं जेवण, तुझं जेवण! गिऱ्हाईक आणतं कोण?"

"गिऱ्हाईक परत येतं कशासाठी, ते सांग आधी!"

शेवटी बेत दोन झाले. धाकटीच्या तबकांवर इस्पिक-बदाम, थोरलीच्या पातेल्यांत सूप आणि कोंबडी. आचाऱ्यानं दोघींच्या हाताखाली राबून दोघींच्या शिव्या खाल्ल्या. त्याच्या मते त्या सारख्याच तिखट होत्या.

पार्टीत धाकटीची तबकं भराभर रिकामी होऊ लागली. डाव न मोडता माणसं हात लांब करीत आणि घास तोंडात टाकीत. तिकडे लांब टेबलावर थोरलीच्या सुपावर साय धरत होती. तिनं वाढप्यांना दोनदा बोलावणं करायला पाठवलं. चक्राशी उभा असलेला एक टकला औषधविक्रेता मान न वळवता म्हणाला, "सूप आजाऱ्याला द्या हो, आम्ही जिंकतोय!" सगळे हसले. वाढप्यांच्या मागोमाग आलेल्या थोरलीनं ते ऐकलं.

इथं तिची एक जुनी सवय सांगायला हवी. लग्नांत पाहुणे व्यासपीठाभोवती रेंगाळले की ती तिथले दिवे घालवी आणि जेवणाच्या बाजूचे तेवढे ठेवी. "माणूस उजेडामागं जातो," असं ती म्हणे, आणि आजवर तिचं म्हणणं खोटं ठरलं नव्हतं. त्या संध्याकाळीही ती दिव्यांच्या बटणांपाशी गेली आणि खेळाच्या टेबलांवरचे सगळे दिवे तिनं घालवले.

पण लग्नात व्यासपीठावर कुणाच्या चकत्या नसतात. अंधार होताच प्रत्येकानं आपला ढीग वाचवायला हात टाकला आणि बहुतेकांचे हात शेजाऱ्याच्या ढिगात गेले. सभागृहाच्या वायरमननं दिवे पुन्हा लावले तेव्हा टकल्याच्या दोन्ही मुठी भरलेल्या होत्या आणि त्याची कॉलर दुसऱ्याच्या हातात होती. "चोर!" "चोर तुझा बाप!" वर्षानुवर्षं एकाच रस्त्यावर दुकानं थाटलेली माणसं एकमेकांचे खिसे चाचपू लागली. फ्रिज कुणालाच मिळाला नाही. थोरलीचं जेवण तसंच राहिलं.

थोरलीच्या अडेलपणामुळे सगळं बिघडलं, ही हकिकत इथवर सोपी आहे. धाकटी ती अशीच सांगते. परंतु बटणं जिथं आहेत ती भिंत धाकटीच्या पेयांच्या टेबलामागेच आहे, आणि वायरमन म्हणतो की थोरली आली तेव्हा धाकटी हाताच्या अंतरावर उभी होती. तिनं बहिणीकडे पाहिलं आणि ग्लास भरणं चालू ठेवलं. हे तिला विचारलं असता तिनं नाकारलं नाही.

"मी काय तिचा हात धरायचा?" ती म्हणाली. "जन्मात कुणाला धरू दिलाय तिनं?"

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक भटारखान्यात आला तेव्हा एका साखरपुड्यासाठी सूप चढलेलं होतं. करार धाकटीच्या नावानं होईल, असं त्यानं सांगितलं आणि तो उभ्या उभ्याच निघून गेला. वायरमननं पाहिलेलं त्याच्या कानावर गेलं होतं का, याचा उलगडा होत नाही.

धाकटी म्हणाली, "ताई, तू जाऊ नकोस. मोठ्या जेवणांचं तूच बघ."

"तू मला ठेवून घेणार?"

"ठेवून घेणं कसलं? काम कर म्हणतेय."

"म्हणजे मीठ किती घालायचं, तेही तुला विचारू?"

"हो," धाकटी म्हणाली. "विचारावं लागेल."

थोरलीनं ॲप्रन सोडला, सुपात चमचा बुडवून चव घेतली, "खारट झालंय," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

सूप खारट नव्हतं, असं आचारी शपथेवर सांगतो. त्यानं स्वतः चाखलं होतं आणि धाकटीलाही चाखायला लावलं होतं. तिनं पुन्हा पुन्हा चमचा तोंडाला लावला, तरी तिचं काही ठरेना, आणि मग पाहुणे येऊन बसलेले असताना सबंध पातेलं मोरीत ओतून दिलं.