‘डॉ.’साठी सोडलेली जागा

"बापाचं नाव?"

लायब्ररीच्या काउंटरवर कोणीही नवं उभं राहिलं, की आमचे सर मान वर न करता आधी हेच विचारत. मग, "गाव?" कोणी आडनाव सांगायला तोंड उघडलंच तर हात हलवून म्हणत, "राहू दे. आडनावानं माणूस नाही सापडत, जात सापडते."

तुम्हीही कधीतरी एखाद्या कॉलेजच्या लायब्ररीत असे उभे राहिला असाल. समोरचा माणूस आपल्याला हाकलणार की पुस्तक देणार, याचा अंदाज घेत. मी उभी राहिले तेव्हा माझे बाबा सोबत होते. ते इथंच दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. बोरी अरबहून एसटीनं आम्ही दोघं आलो होतो. बाबांनी दारातूनच "जयभीम सर" म्हटलं. सर खुर्चीतून उठले, "जयभीम" म्हणाले आणि बाबांना स्टूल दिलं. मग माझं कार्ड लिहिलं. माझं नाव, बाबांचं नाव, गावाचं नाव. इतक्या सुबक अक्षरात माझं नाव मी त्याआधी कुठं पाहिलं नव्हतं. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, इथंही सांगते.

बापाच्या नावाचा हा हट्ट उगाच नव्हता. आमच्याकडं एकेका वर्गात पाच-पाच राठोड. मागं एकदा पुस्तक परत करा म्हणून सरांनी पाठवलेली चिठ्ठी भलत्याच राठोडला मिळाली. तो बिचारा इतका भ्याला की घरातलं स्वतःचं पुस्तक आणून जमा करून गेला. सरांनी दुसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन ते त्याला परत केलं. तेव्हापासून दोघांच्या बापाचं नावही सारखं निघालं, तर ते आजाचं नाव विचारत.

माझं लग्न नेरला झालं. ग्रंथालयाची पदवी घेतली आणि त्याच लायब्ररीत सहायक म्हणून लागले. पण नव्या नावानं. रुजू झाले त्या दिवशी सरांनी लाकडी कपाटाचा खण ओढला, माझं जुनं कार्ड शोधलं आणि त्याच्या शेजारी एक कोरं कार्ड लिहून लावलं. वर माझं माहेरचं नाव. खाली एकच शब्द, ‘पाहा’. त्यापुढं सासरचं नाव.

"आता कायले सर? आता तर मी हीच."

"अन् जुन्या नावानं कोणी शोधत आलं, तर त्यानं काय परत जावं?"

लायब्ररीतली ही जुनी रीत आहे. पुस्तक ज्या नावाखाली ठेवलेलं नाही, त्या नावाचं कार्ड लिहायचं आणि खऱ्या जागेकडं बोट दाखवायचं. सर अशा कार्डांना ‘बोट’च म्हणत. "एक बोट लिहून टाक," असं सांगत.

लायब्ररीच्या दारावरची त्यांच्या नावाची पाटी मात्र साऱ्या कॉलेजच्या थट्टेचा विषय होती. पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्याच आठवड्यात त्यांनी ती पेंटरकडून रंगवून घेतली. नाव उजवीकडं सरकवलेलं, डावीकडं दोन अक्षरांची जागा रिकामी. ‘डॉ.’ तिथं बसणार होतं. प्राचार्य जाता-येता विचारत, "काय सर, डॉक्टर आले का?"

"निघाले. दारव्ह्याले बस बदलून राह्यले."

बरीच वर्षं ते बस बदलत होते.

विषय कोणता, तर समुद्रशास्त्रातले शोधनिबंध. त्यांत कोणत्या विषयावर किती लिहिलं जातं, कोणाच्या लेखाचा किती जणांनी उल्लेख केला, त्याचं वजन किती. यवतमाळ जिल्ह्यात बसून समुद्र! मी हसले तेव्हा म्हणाले, "कापूस एकानं घेतला, तूर दुसऱ्यानं घेतली. बाजारात उशिरा गेलं का जे उरते ते घ्या लागते. माह्या वाट्याले समुद्र उरला."

"पाह्यला का कधी?"

"अरुणावती पाह्यली. पैनगंगा पाह्यली. समुद्र वाचून राह्यलो."

आणि खरंच वाचत होते. अमरावतीच्या मार्गदर्शकांकडून यादीचे गठ्ठे छापून आणत, पट्टी लावून एकेक ओळ खाली सरकत. जुने लेख मिठाचे आणि मासळीचे, मग वाऱ्याचे आणि पावसाचे, आता पाण्याच्या उष्णतेचे आणि प्लास्टिकचे. आधी एका लेखाला एक नाव, फार तर दोन. आता वीस-वीस नावं. "पहिले एकटा माणूस समुद्रावर जाये," ते म्हणत, "आता वरात जाते."

उल्लेख म्हणजे काय, हे त्यांनी मला लग्नपत्रिकेवरून शिकवलं. लेखाच्या शेवटी जी नावांची यादी असते ती पत्रिकेतल्या ‘आपले नम्र’सारखी. काही नावं प्रेमानं, काही मानानं, आणि काही यासाठी की नाही छापलं तर काका रुसतील. "कोणाचं नाव किती पत्रिकेत आलं ते मी मोजून राह्यलो. प्रेमानं आलं का भेवानं, ते सॉफ्टवेअरले नाही समजत." ज्या लेखाचं नाव कोणीच घेतलेलं नाही, त्यावर ते पेन्सिलनं बारीक ठिपका देत. ठिपकेवाले लेख शेकड्यानं होते. ते सगळे त्यांनी वाचले. मी विचारलं, कायले? म्हणाले, "लिहिलं तर होतं ना त्यानं."

प्रबंध जवळजवळ बांधून झाला होता. नोंदणीची मुदत ज्या महिन्यात संपत होती, त्याच महिन्यात ते निवृत्त होणार होते. एवढं जमा केलं, की पाटीवरची जागा भरणार होती. तेव्हाच एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"हे पाय. ही पोरगी कुठं गेली?"

एक लेखिका होती. खाडीतल्या गाळावर लिहायची. ओळीनं चांगले लेख, भरपूर उल्लेख, आणि मग एकाएकी नाव बंद. दिवाळीनंतर लग्न होऊन लायब्ररीत यायच्या बंद झालेल्या मुलींची कार्डं सर वेगळी ठेवत आणि प्रत्येकीचं ‘कुठं गेली?’ म्हणून विचारत. त्याच आवाजात ते मला विचारत होते.

"सोडलं असंल काम."

"नाही." त्यांनी दुसरा कागद पुढं केला. पुढच्या वर्षी एक नवं नाव सुरू होत होतं. नाव वेगळं, आडनाव वेगळं. खाडी तीच, गाळ तोच. आणि या नव्या बाईच्या प्रत्येक लेखाच्या यादीत त्या जुन्या पोरीचं नाव होतं, एकदाही न चुकता. सरांनी चष्मा काढला. "समजलं का? ही बाई दर लेखात माहेरी जाऊन येते."

खोटं कशाला सांगू, माझी पदवी बाबांच्या नावानं आहे आणि पगार नवऱ्याच्या नावानं. दोन्ही नावं जोडणाऱ्या मधल्या कागदांचा गठ्ठा मी अजून पिशवीत घेऊन फिरते.

दोन नावं जोडली तर ती बाई पहिल्या तक्त्यात, सर्वांत जास्त उल्लेख कोणाचे त्या, पहिल्या ओळीवर येत होती. वेगवेगळी ठेवली तर एक सातवी, एक तेरावी. सरांनी मार्गदर्शकांना फोन लावला. आवाज मोठा होता, मला इकडं ऐकू येत होता.

"अहो, सॉफ्टवेअरनं दोन दाखवल्या तर दोन. तुमच्याकडं पुरावा काय?"

"पुरावा नाही सर. ओळख हाय."

"ओळखीवर प्रबंध होत नाही. सगळे तक्ते बदलतील. मुदत पाहा. आधी पदवी घ्या, मग जोडत बसा."

त्यांचंही चूक नव्हतं. सरांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "पत्र लिही. त्या बाईलेच विचारू."

ते पत्र लिहिताना आमची जी गंमत झाली! अनोळखी, एवढ्या मोठ्या बाईला इंग्रजीतून माहेरचं नाव विचारायचं. मी शब्दकोश काढला. सर म्हणाले, आधी बापाचं नाव विचार. मी म्हटलं, "सर, त्या पोलिसात देतील." शेवटी चार ओळी जमल्या. दोन्ही नावांच्या पत्त्यांवर ईमेल केला. जुन्या पत्त्यावरचा तसाच परत आला. नव्या पत्त्यावरून काहीच नाही.

दिवस जात होते. सर रोज डबा खाऊन झाला की विचारत, "आलं का?" मी नाही म्हणे. शेवटच्या आठवड्यात मीच चिडले.

"सर, देऊन टाका ना जमा करून. एका ओळीसाठी कोण पाह्यते?"

"तू पाहून राह्यली ना."

"मी कोण?"

"तुह्यी बी.ए. उद्या दुसऱ्याच बाईच्या नावावर गेली, तर तू गप बसशील?"

मी गप बसले नसते. म्हणून तेव्हा गप बसले.

मुदत संपली तो मंगळवार होता. सर नेहमीच्या वेळेला आले, नेहमीसारखी पाटी पुसली, आणि दिवसभर नव्या पुस्तकांना चिठ्ठ्या डकवत बसले. प्रबंध घेऊन अमरावतीला गेले नाहीत. संध्याकाळी प्राचार्य दारात थांबले, पण त्या दिवशी डॉक्टरांचं विचारलं नाही. "चला सर, चहा घेऊ," एवढंच म्हणाले.

उत्तर त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आलं. बाई जहाजावर होत्या, तिथं पत्रं पोचत नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, होय, दोन्ही मीच. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नाही. एका मुलाखतीत तर मला विचारलं होतं, या गाळावर तुमच्या आधी काम केलेल्या त्या बाईंना तुम्ही ओळखता का? मी ‘थोडंफार’ म्हणाले. आणि शेवटी, तुम्ही कसं ओळखलं?

मी वाचून दाखवलं. सरांनी पुन्हा वाचायला लावलं. ‘थोडंफार’ला ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

"काय लिहू सर?"

"लिही, आमच्या इकडं पोरी सणाले माहेरी येतात. त्याच्यावरून वळखलं."

मला जमेल तसं इंग्रजीत लिहिलं. जमलं असावं, कारण काही महिन्यांनी त्या बाईंचं इंटरनेटवरचं पान उघडलं तर दोन्ही नावं एकत्र होती, आणि उल्लेखांचा आकडा एक झाला होता. तो कोणामुळं झाला हे तिथं लिहिलेलं नाही. मोजण्यात अशा गोष्टी येत नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं झाली. सरांनी पाटी स्वतः स्क्रूड्रायव्हरनं काढली आणि काखेत मारून नेली. रिकामी जागा तशीच. त्यानंतरही ते येत राहिले, वाचक म्हणून. काउंटरवर मी होते. पहिल्या दिवशी मी मान वर न करता विचारलं, "बापाचं नाव?" त्यांनी सांगितलं, गावही सांगितलं, आणि आडनाव सांगायला तोंड उघडलं. मी हात हलवला.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, त्यांच्या घरच्या काकू सांगत होत्या. पाटी अजून घराच्या दाराला आहे. मुलगा नवी करू म्हणाला. काकू म्हणाल्या, "जुनीच राहू दे. मले पुसाची सवय झाली."

यंदा कॉलेजच्या तपासणीआधी सगळं संगणकावर घ्यायचं ठरलं. कार्डांचं लाकडी कपाट भंगारात निघालं. खण मीच रिकामे करत होते. ‘ड’च्या खणात, डाळिंबाच्या लागवडीच्या कार्डामागं, त्यांच्या अक्षरातलं एक कार्ड सापडलं. वर ‘डॉ.’ आणि पुढं त्यांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. खाली एकच शब्द, ‘पाहा’. त्यापुढं तेच नाव, ‘डॉ.’ सोडून.

मी तिथंच जमिनीवर बसले. हसू की काय करू समजेना. रीत त्यांनी तंतोतंत पाळली होती. ज्या नावाखाली काही नाही, तिथून खऱ्या जागेकडं बोट.

मग त्या खऱ्या नावाचं कार्ड शोधलं. तेही होतं. एक बांधीव प्रत, अप्रकाशित, आणि फळीचा क्रमांक ५५१.४६, म्हणजे समुद्रशास्त्राचा. समुद्र आमच्याकडं शिकवत नाहीत, त्या खालच्या फळीकडं कोणी जात नाही, मीही गेले नव्हते. निळ्या कापडात बांधलेला प्रबंध तिथं उभा होता. वाचक म्हणून येत होते तेव्हाच कधीतरी ठेवला असणार. पहिला तक्ता उघडला. पहिल्या ओळीवर ती बाई, दोन्ही नावांनी.

शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. कोरी. एकही शिक्का नाही.

मी काउंटरवर आले. शिक्क्याची तारीख फिरवली आणि चिठ्ठीवर पहिला शिक्का मारला. रजिस्टरमध्ये पुस्तक कोणाला दिलं तिथं माझं नाव लिहिलं. आधी माहेरचं, मग सासरचं, मग बाबांचं नाव, मग गाव.