बारा न्यूटन

"चढ काट्यावर," सर म्हणाले.

साठ पोरं बघत होती. म्हैसूरमधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची चाचणी प्रयोगशाळा. सर विभागप्रमुख, मी लॅब असिस्टंट. चप्पल काढून मी सिमेंटची पोती मोजायच्या काट्यावर उभी राहिले.

"किती?"

"बासष्ट किलो."

"पोरांनो, हिचं वजन न्यूटनमध्ये?"

"सहाशे वीस, सर."

"शाब्बास. दहानं गुणायचं, मोकळं व्हायचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सहाशे आठ, सर. ९.८१ नं गुणायचं."

सर पोरांकडे वळले. "हिच्या बापानं रंगाच्या हौदात साड्या ढवळल्या. ही आपल्याला न्यूटन शिकवतेय." पोरं हसली. मग माझ्याकडे बघून, "सुम्निरम्मा, गप्प बस. तुझे बारा न्यूटन कुठे गेले, कोण विचारतंय?"

उतर, असं कुणी म्हणालं नाही. तास संपेपर्यंत मी काट्यावरच उभी राहिले. सरांपेक्षा माझ्या त्या उभं राहण्याची मला जास्त किळस येते.

सरांना ९.८१ माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या खोलीत न्यूटनची तसबीर आहे, सोनेरी चौकटीत. पण आमचं ताण-चाचणीचं मशीन जुनं. त्याची तबकडी किलोग्रॅम-बल दाखवते आणि अहवाल किलोन्यूटनमध्ये द्यावा लागतो. मध्ये गुणाकार येतो. दहानं गुणलं की आकडा दोन टक्के फुगतो. काठावर नापास झालेली वस्तू पास होते, गिऱ्हाईक पुन्हा येतं. आयुधपूजेला त्याच मशीनला झेंडूचा हार, तबकडीच्या काचेवर कुंकू, सरांचं अर्ध्या तासाचं भाषण. दुसऱ्या दिवशी कुंकू पुसून मी खरा आकडा वाचायचे आणि सर खोटा टाइप करायचे.

अहवालावर आकडा वाचणाऱ्याची सही आधी, प्रमुखाची नंतर, अशी रीत. सात वर्षं मी आधी सही केली. माझे बाबा रंग चिमटीनं मोजायचे. छटा बिघडली तर गठ्ठा परत घेऊन स्वतः गिऱ्हाइकाला सांगायला जायचे. त्यांची मुलगी मान खाली घालून सही करायची.

मग तो तारेचा दोर आला. सरस्वतीपुरममध्ये इमारत उठत होती. तिथल्या मजुरांना वर नेणाऱ्या पाळण्याचा दोर. पन्नास किलोन्यूटन सोसायला हवा. त्याचा एक तुकडा मी मशीनला लावला. ५०४० वर तुटला. टेबलावर अहवाल तयार होता: ५०.४, पास.

सरांनी स्वतःचं पेन पुढे केलं. "सही कर."

"४९.४ आहे, सर. नापास."

"मजुरांचा पाळणा, अम्मा. त्यात काय महाराजा बसणार आहे?"

"मग तुम्ही बसा, सर."

पहिल्यांदाच ते हसले नाहीत. मी पेनाला टोपण लावलं, अहवालावर ठेवलं. नोंदवहीत लिहिलं: ५०४० गुणिले ९.८१, ४९.४ किलोन्यूटन, नापास. खाली सही केली. त्या पानाची प्रत काढून संध्याकाळी सिटी बसनं सरस्वतीपुरमला गेले आणि मुकादमाच्या हातात दिली. त्यानं दोनदा वाचली. पाळणा खाली उतरवायला लावला.

दुसऱ्या दिवशी माझी बदली स्टोअरला झाली. केरसुण्या, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या अहवालांचं कपाट. एवढ्या विद्वान माणसाला सुचलं नाही की कपाटाची किल्लीही माझ्याकडे येईल.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी एक फाइल काढते. माझ्या हातचे मूळ आकडे शेजारच्या नोंदवह्यांत आहेत. ९.८१ नं गुणते. जे नापास निघेल, त्याचं पत्र ती वस्तू जिथे लागली तिथे जातं, एक प्रत प्राचार्यांना. नोकरी जाईल, माहीत आहे. पहिल्या नापास अहवालावर माझीच सही निघाली. तेही पत्रात लिहिलं.