कावळा शिवला नव्हता

माझ्या बहिणीचं दहावं प्रकाशा या गावी तापीच्या घाटावर झालं, तेव्हा ती धडगावजवळच्या एका आश्रमशाळेत पाचवीच्या मुलांना चित्रकला शिकवत होती.

तिला काहीही झालेलं नव्हतं. तिने त्याच शाळेतल्या पावरा जमातीतल्या एका शिक्षकाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं होतं. आमचं घर रनाळ्याचं, बागायतीचं, भाऊबंदांत वजन असलेलं. धाकट्या भावाची सोयरीक ठरत आली होती. मुलीकडच्यांना काय सांगायचं, यावर आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आणि दोन काकांनी मिळून हा तोडगा काढला. मुलगी डोंगरातल्या माणसाबरोबर गेली असं सांगण्यापेक्षा ती वारली असं सांगणं त्यांना सोपं वाटलं. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच नुसतं सांगून भागणार नव्हतं. विधी करायचा होता आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग करून नातेवाइकांना पाठवायचं होतं.

मी नंदुरबारला एका दैनिकात काम करतो. आबा तिथे निधनवार्ता घेऊन आले. मजकूर मी वाचला. नाव, वय, गाव बरोबर होतं. बाकी सगळं खोटं होतं.

"जिवंत माणसाची निधनवार्ता छापत नाहीत," मी म्हणालो.

"मंग जाहिरातमा टाक."

"जाहिरातीतही नाही."

"तू पेपरवाला शे का मन्हा आंडोर शे?"

मी त्यांचा मुलगाच होतो, तरी कागद परत दिला. दहाव्याला गेलो नाही. बायकांना घाटावर नेण्याची आमच्यात पद्धत नाही, त्यामुळे मायही गेली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर आबा तिला एकच वाक्य बोलले. ते मला फार उशिरा कळलं.

पुढच्या आठवड्यात, मी घरी असताना, बहिणीच्या नवऱ्याकडची पाच वडीलधारी माणसं जीप करून खाली आली. त्यांच्याकडे मुलामुलीने परस्पर लग्न केलं, तर मुलाकडचे मुलीच्या घरी जातात, चूक पदरात घेतात, बोलणी होतात, सगळे एकत्र जेवतात आणि भांडण तिथेच संपतं. ती माणसं भांडण संपवायला आली होती. आबांनी त्यांना ओट्याच्या खाली उभं ठेवलं. माय दारामागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

"मन्हा घर पोर नही," आबा म्हणाले. "ती वारनी."

पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा माणूस तोडक्या मराठीत म्हणाला, "सकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन निघालो आम्ही."

जीप आल्या वाटेने परत गेली. आमच्या तालुक्यात डोंगरातल्या लोकांना मागास म्हणायची पद्धत आहे. त्या दिवशी ओट्यावर कोण उभं होतं आणि ओट्याखाली कोण, हे मी पाहिलं आहे, त्यामुळे तो शब्द आता माझ्यासमोर कोणी वापरू नये.

बहीण बडोद्याला चित्रकला शिकली होती. तिथेच तिने व्हिडिओवर काम करायला सुरुवात केली होती. तिने नंदुरबारच्या त्या शूटिंगवाल्याला फोन केला. हा माणूस आमच्या तीन पिढ्यांची लग्नं शूट केलेल्या घरातला, शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यातला. नातेवाइकांना गेलेली फीत त्याने आबांच्या सांगण्यावरून छाटली होती. बहिणीला त्याने अख्खी दिली. तिने विचारलं, "आबांना कळलं तर?"

तो म्हणाला, "ताई, प्रोग्राम तुमचाच होता. पार्टीला कॉपी द्यावीच लागते."

त्या फितीतून तिने एक काम उभं केलं. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंती. एकीवर तिचं दहावं, न छाटलेलं. दुसरीवर ती स्वतः, धडगावच्या घरात लाकडी खुर्चीवर बसलेली, समोर बघत. पाहणारा मधे उभा राहतो.

पहिल्या भिंतीवर पिंड मांडले जातात. पुरुष मागे सरकतात. घाटावर कावळे भरपूर आहेत. शेजारच्या दुसऱ्या घराच्या पिंडांवर ते तुटून पडत आहेत. आमच्या पिंडांकडे एकही फिरकत नाही. कावळा शिवला नाही तर मेलेल्याची काही इच्छा राहिली असं धरतात आणि जवळची माणसं हात जोडून ती पुरी करण्याचं वचन देतात. मोठे काका पुढे होतात आणि तिची गाय सांभाळू म्हणतात. "तुन्ही गायले संभायसूत." समोरच्या भिंतीवरून बहीण म्हणते, "नको." धाकटे काका म्हणतात, "तुन्हा शिलाई मशीनले कोणी हात लावाव नही." ती म्हणते, "नको, काका." आबा म्हणतात, "भाऊना लगीन थाटमा करसूत." ती काहीच बोलत नाही.

मागून एका चुलत आजोबांचा आवाज येतो. "जित्ती पोरना पिंड शे तो. आपलापेक्षा कावयाले जास्त समजस."

कोणीतरी हसतं, कोणीतरी त्यांना गप्प करतं. ऊन वाढतं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला लावतात आणि माणसं आंघोळीला उतरतात. तेव्हा बहीण पहिल्यांदा स्वतःहून बोलते. "माय कोठे शे?" काम तिथे संपतं.

हे पुण्यात एका प्रदर्शनात लागलं. मी बघायला गेलो. दाराशी पाटी होती: 'सातपुड्यातील आदिवासी मृत्युविधी'. मी आयोजकांना सांगितलं की यात एकही आदिवासी नाही. हे तापीकाठचे बागायतदार आहेत, माझे काका आहेत, आणि ज्यांना तुम्ही आदिवासी म्हणता ते समेट करायला आले होते. ते नम्रपणे म्हणाले, "नंदुरबार म्हटलं की प्रेक्षकांना तेच समजतं." एका बाईंनी विचारलं, कलाकारांनी फार सहज काम केलंय, कुठल्या नाटक कंपनीतले आहेत. बहीण म्हणाली, घरचेच आहेत. पाटी दुसऱ्या दिवशीही तीच होती. वर्तमानपत्रात चूक झाली तर आम्ही निदान आतल्या पानावर दुरुस्ती छापतो.

प्रदर्शनातला एक तुकडा मोबाइलवरून फिरत रनाळ्याला पोचला. आबांचा फोन आला: ते बंद कर, घरी ये. मी गेलो ते नाही म्हणायला. आबा सोसायटीच्या मीटिंगला गेले होते. माय ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती.

"काय करेल शे तिनी?" तिने विचारलं. "मालेबी दखाड."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. लग्नानंतर बहीण वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करायची आणि माय आवाज ओळखून कट करायची. आबांच्या भीतीने, असं मी धरून चाललो होतो. वचनं सुरू झाली तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"हाई काय करी ऱ्हायनात?"

"कावळा शिवत नाही म्हणून विचारताहेत."

"शिवना ना. लगेज शिवना."

"नाही शिवला. दर्भाचा करावा लागला. पुढे बघ."

तिने बघितलं. मग म्हणाली, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा बघून झाल्यावर तिने ते वाक्य मला सांगितलं. त्या संध्याकाळी आबा आंघोळ करून आत आले आणि म्हणाले होते, "कावया लगेज शिवना. तुन्हामा तिना काही जीव नव्हता." कावळा लगेच शिवला, म्हणजे पोरीचा जीव मायमध्ये अडकलेला नव्हता.

मुलगी जिवंत आहे हे मायला ठाऊक होतं. पिंड खोटे आहेत हेही ठाऊक होतं. तरी कावळा खोटं बोलणार नाही, अशी तिची समजूत. घाटावर कोणाची बाजू घ्यायला कावळ्याला ना नातं, ना जात. त्यामुळे पोरीला आपली आठवण नाही, हे तिने दोन वर्षं खरं मानलं होतं, आणि म्हणून ती फोन कट करत होती. आबांना हे माहीत होतं. आमच्या घरात दहावं हा देखावा होता. ते एक वाक्य देखावा नव्हतं. ते नेम धरून मारलं होतं.

आबा आले. मायने ताट वाढलं आणि समोर उभी राहिली.

"कावया शिवना व्हता का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "आते कसाले ते?"

"शिवना व्हता का, ते सांगा."

ते जेवत राहिले.

"सकायले मी धडगाव जाई ऱ्हायनू," माय म्हणाली.

"जाय. मंग परत येऊ नको."

"मंग मन्हंबी दहावं करी टाका," ती म्हणाली. "फक्त कावयाले आधी इचारी ल्या."

सकाळी तिने भाकरी केल्या, दुरडीत झाकून ठेवल्या आणि आम्ही निघालो. प्रकाशाच्या पुलावर बसमधल्या बायकांनी नदीला हात जोडले. मायने जोडले नाहीत. खाली घाटावर कोणाचं तरी कार्य चाललं होतं, त्याकडे ती पूल संपेपर्यंत बघत होती. शहाद्याला आम्ही जीप पकडली. घाटात तिला गाडी लागली, तरी थांबू म्हणाली नाही.

बहीण दारात उभी होती. माय म्हणाली, "नको नको कसाले करत व्हती? गाय तुन्हीच व्हती."

"तुले कोणी दखाडं?"

"दखाडं. ती खुर्ची कोठे शे?"

बहिणीने खुर्ची आणली. कॅमेरा खिडकीशी तिकाटण्यावरच होता. तिने तो सुरू केला आणि लगेच पुन्हा बटणाकडे हात नेला. बंद करू का, असं मी विचारलं.

"चालू ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. "त्यासले धाडानं शे." तिला ते आबांना पाठवायचं होतं.

ती खुर्चीवर बसली, पदर नीट केला आणि भिंगात बघून बोलली.

"कावया शिवना नव्हता. दुरडीमा भाकरी शेत, वाढी ल्या."

मग तिने तोंड फिरवलं आणि मुलीला जवळ बोलावलं.