हेमामॅडमचं रेडकू

हेमामॅडम पहिल्यांदा दिसल्या त्या सूक्ष्मदर्शकावर ओणव्या होऊन जप करताना. "इसर गो... इसर..." असं पुटपुटणं चाललं होतं. सातिवलीत बादल्यांच्या कारखान्याच्या डोक्यावर आमची प्रयोगशाळा होती. नोकरीचा पहिला दिवस आणि मी साताऱ्याचा भाविक माणूस. ईश्वराचं नाव ऐकलं, चपला काढल्या आणि हात जोडून मागे उभा राहिलो.

"हात कशाला जोडतोस, बाला?" वर न बघताच त्या म्हणाल्या. "ईश्वर नाय. इसर. विसर, असं सांगतेय मी हिला."

'हिला' म्हणजे म्हशीच्या कानाच्या कातडीतल्या पेशीला. आमच्या शेठची मथुरा नावाची दुधाळ म्हैस होती आणि तिची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, काढायचा आमचा उद्योग होता. दुसऱ्या म्हशीच्या बीजांडातलं केंद्रक काढून तिथे मथुरेच्या या पेशीचं बसवायचं. पुढे त्याने आपण कातडी होतो हे साफ विसरून गर्भ व्हायचं. डीएनए सगळा शाबूत असतो, पण 'हे वाच, ते वाचू नकोस' अशा जुन्या खुणा त्याला चिकटलेल्या असतात. त्या नीट पुसल्या गेल्या नाहीत की गर्भ थोडा वाढतो आणि दगावतो. मॅडमनी डॉक्टरेट केली होती, इंग्रजीत शोधनिबंध लिहायच्या, पण बोलायला लागल्या की नायगावच्या मिठागरावरची मुलगी बाहेर यायची. "सासरी आली, पन माहेरचंच रांधते. संसार कसा व्हनार?"

गर्भ दगावला की त्या डबा उघडत नसत. त्यातलं बोंबलाचं कालवण मग मला मिळे. विज्ञानाची पीछेहाट होत गेली आणि माझं पोट सुटत गेलं. निवृत्ती जवळ आली होती आणि त्याआधी एक रेडकू डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

अखेर एक गर्भ तगला. वसईतल्या एका गवळ्याची म्हैस भाड्याने घेऊन तो तिच्यात सोडला. मॅडम दर रविवारी तिला गूळ भरवायला जात आणि पोटाला कान लावून बसत. "इसरली वाटतं माहेर," म्हणत.

म्हैस व्याली तेव्हा शेठ पेढे घेऊन हजर होते. मॅडमनी रेडकाची शेपटी उचलून पाहिली. रेडा होता. म्हशीची प्रत म्हैसच व्हायला हवी, यात निसर्ग सवलत देत नाही.

गवळी डोकं खाजवत म्हणाला, "आपला रेडा दावं तोडून आलेला एकदा हिच्याकडे. तुमी गर्भ सोडला ना, त्याच्या आदल्याच आठवड्यात."

"मग सांगितलं का नाही?" शेठ कडाडले.

"तुमी इचारलंच नाय."

शेठ पेढ्यांसकट गाडीत जाऊन बसले. मॅडमची निवृत्ती त्याच महिन्यात होती, आता दुसरी संधी नव्हती. माझ्याने त्यांच्याकडे बघवेना, मला रडूच आलं. मॅडम मात्र शेणातच बसल्या होत्या. त्यांनी पदराने रेडकाचं नाक पुसलं, त्याने त्यांचा हात चाटला आणि त्या खुदकन हसल्या.

"रडतोस कशाला, बाला? हा कोनाची कॉपी नाय. ओरिजिनल हाय."