बुडवायला सहाच गोष्टी

माझी नणंद पेलेनिके आमच्या फुनाफुती बेटावरच्या शाळेत चित्रकला शिकवते. वय सत्तेचाळीस, चष्मा जाड, आणि लहानपणी हाती लागलेला एक संगणकावरचा खेळ तिला अजून सुटलेला नाही. त्या खेळाच्या चाहत्यांनी हौसेनं एक साधन बनवलंय. त्यात प्रत्येकानं आपापल्या गावाचा नकाशा करायचा आणि सगळे जोडून एक नवा खेळ उभा करायचा, असं त्यांचं ठरलं. पेलेनं अर्थातच आमचं गाव घेतलं. सप्टेंबरपासून ती शाळेतून आली की मासा-भात कसाबसा उरकून संगणकापुढे बसायची.

नकाशातलं गाव म्हणजे चौकोनी तुकडे, फरशी बसवावी तसे एकाला एक लावलेले. त्यांचे तीन थर: खाली जमीन नि समुद्र, वर घरं नि झाडं, सगळ्यात वर छपरं. पेलेला गाव दाखवायचं होतं ते फेब्रुवारीतल्या मोठ्या भरतीचं. त्या भरतीला आमच्याकडे पाणी जमिनीतून वर येतं. धावपट्टीच्या कडेला गवतातून बुडबुडे निघतात, तासाभरात रस्ता पाण्याखाली जातो. पोरं त्यात डुंबतात, आम्ही चटया उचलून टेबलावर टाकतो नि कामाला लागतो.

म्हणून तिनं पाणी वरच्या थरात ठेवलं, खालचं गवत दिसेल इतकं पातळ. ते हलेचना. त्या साधनात हलणारं पाणी फक्त तळाच्या थरात चालतं, कारण पाणी कायम खालीच असणार, असं बनवणाऱ्यांनी धरूनच टाकलेलं. कुणी धरलं? ज्यांच्या दारात कधी पाणी चढलं नाही त्यांनी. मला आजही आठवलं की डोकं फिरतं.

पेले हट्टाची. तिनं गवत नि पाणी एकाच तुकड्यात रंगवलं आणि तो तळाला बसवला. हललं. पण असे हलणारे प्रकार सातच ठेवता येत होते, आणि त्यातला एक समुद्रानं आधीच खाल्ला होता.

"वहिनी, सहाच गोष्टी बुडवता येतात," ती म्हणाली. "सांगा, काय काय बुडवू?"

बुडवायचं काय ते निवडायला आम्ही भर दुपारी कागद घेऊन बसलो, याहून संतापाची गोष्ट कुठली. गवत, रस्ता, धावपट्टीची कड, चर्चची पायरी, पुलाकाचे कंद लावायचा खड्डा. पाच झाल्या. सहावी जागा एकच, आणि उरलं होतं तिचं स्वतःचं घर नि अंगणातलं सासूबाईंचं थडगं.

"घर राहू द्या कोरडं," पेले म्हणाली. "आईवर पाणी चढलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते नाही लपवणार."

सगळे नकाशे जोडायचं काम तिकडे परदेशात, टाउन्सव्हिलला राहणाऱ्या ट्रेंटकडे होतं. पेलेनं आपला नकाशा त्याला पाठवला. माणूस गोडबोल्या. त्याचं उत्तर आलं ते नेमकं फेब्रुवारीत, भरतीच्या दिवशी संध्याकाळी. पेलेच्या घरात आम्ही दोघी खुर्चीवर पाय घेऊन बसलो होतो, फरशीवर वीतभर पाणी होतं. ट्रेंटनं लिहिलं होतं, नकाशा सुंदर आहे, पण थरांचा घोळ झालाय, पाणी गवताच्या वर आलंय. एक घर तेवढं बरोबर काढलंय, तेच नमुना धरून बाकीचं गाव दुरुस्त केलंय. थडगंही त्यानं कोरडं केलं होतं. त्यानं सगळ्यांना दाखवायला टाकलेल्या त्या दुरुस्त नकाशाखाली दोन-चार जणांनी लिहिलंही होतं की सुट्टीला जावं असं निवांत बेट आहे.

मी म्हटलं, चांगलं झाप त्याला. पेलेनं ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि टाइप करता करता मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"ट्रेंट, माझ्या नकाशात चूक एकच होती, ते कोरडं घर. त्यातच बसून हे लिहितेय, पाय वर घेऊन. माझं गाव काढून टाक."