शेवटच्या ओळीतला नंबर

रुद्राणी खुश असली की कन्नडमध्ये मोजते. अक्कलकोटची मुलगी, घरात कन्नड, दारात मराठी आणि आमच्या होटगी रोडवरच्या छोट्याशा कंपनीत दिवसभर संगणकाची जावा. अकरा वर्षं मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसतोय, तेव्हा एवढं मला माहीत असायलाच हवं. या अकरा वर्षांत सगळ्यांनी तिला दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला बसवलं. बसवणाऱ्यांत मीही आलो. गेल्या हंगामात पहिल्यांदा एक अख्खं काम तिच्या एकटीच्या हाती आलं.

काम होतं एका साखर कारखान्याचं. ऊस तोडायची पाळी आली की त्या शेताची तोडणी चिठ्ठी निघते आणि ती त्या भागात उतरलेल्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाला द्यावी लागते. चिठ्ठ्या घेऊन शिवारभर फिरणाऱ्या माणसाला चिटबॉय म्हणतात, मग तो साठीला का टेकलेला असेना. आता या चिठ्ठ्या संगणकातून थेट मुकादमाच्या फोनवर जाणार होत्या. कारखान्याचे सात गट, म्हणजे सात भाग. कुठली चिठ्ठी कुठल्या गटाकडे वळवायची, हे रुद्राणी ठरवणार होती.

मी म्हणालो, "सरळ जावातच इफ-एल्सचं जर-तर लिही आणि मोकळी हो." मी तसलाच माणूस आहे. तिनं ऐकलं नाही. सगळे रस्ते तिनं प्रोग्रॅमबाहेर, एका वेगळ्या एक्सएमएल फाईलमध्ये मांडले. गट अमुक असेल तर अमुक मुकादमाकडे, असे सात 'व्हेन', आणि सगळ्यात खाली, कशातच न बसणाऱ्या चिठ्ठीसाठी एक 'अदरवाइज'. "रस्ता बदलला तर फाईल बदलायची, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही," हे ती इतक्यांदा सांगायची की मला पाठ झालं. मी तिला एक्सएमएलबाई म्हणायला लागलो. तिला ते आवडायला लागलं, म्हणून मी बंद केलं.

कारखान्याच्या शेतकी अधिकारी साहेबांनी अट घातली. चाळीस चिठ्ठ्या, सकाळी दहाच्या आत, बरोबर मुकादमाकडे. संधी दोन, मंगळवार आणि गुरुवार. गुरुवारी एक जरी चुकली तरी सिस्टीम कपाटात आणि कागद पुन्हा टेबलावर.

मंगळवारी अकरा चुकल्या. एक टोळी कोयते घेऊन करकंबला बजाबाई नावाच्या शेतकरणीच्या घरापर्यंत गेली. त्यांच्या दारात दोन शेळ्या होत्या आणि वाळत घातलेल्या शेवया. उसाचं कांडंसुद्धा नव्हतं. बजाबाईंनी टोळीला चहा दिला आणि कारखान्याला फोनवर जे दिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रुद्राणीचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं; थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? आम्ही कारखान्याच्या शेतकी ऑफिसात होतो, तिथल्या बाकड्यावर रावजी मामा बसले होते. एकतीस वर्षं चिटबॉय. आपली जागा घेणारं यंत्र कसं दिसतं ते बघायला आलोय, असं त्यांनी सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

"ताई, तुमचं ते लिवलेलं कागदावर काढून द्या की," ते म्हणाले.

रुद्राणीनं फाईल छापून दिली. मामांनी चष्मा लावला आणि ओळींखालून बोट फिरवायला लागले. यांना काय कळणार, असं मला वाटलं. ते एका ओळीवर थांबले.

"हितं काय हाय?"

"शेतकऱ्याचं गाव. गावावरून गट ठरतो."

"तितंच चुकलंय. चिठ्ठी मानसाकडं न्हाय जात, ताई. उसाच्या फडाकडं जाती. बजाबाई ऱ्हाती करकंबात, ऊस हाय तिचा नदीपल्याड, दुसऱ्या गटात."

रुद्राणी खुर्चीतून ताडकन उठली, पुन्हा बसली आणि की-बोर्ड पुढं ओढला. सात ठिकाणी 'शेतकऱ्याचं गाव' खोडून 'फडाचा गट' लिहिलं. मंगळवारच्याच चिठ्ठ्या पुन्हा सोडून बघितल्या, अकराच्या अकरा बरोबर वळल्या. चार मिनिटं लागली. प्रोग्रॅमला तिनं बोटही लावलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला.

मामांचं बोट अजून कागदावरच होतं, अगदी तळाला. "आन् कुटंच बसंना ती?"

"ती लॉगमध्ये, संगणकातल्या नोंदवहीत जाते."

"तितं कोन बसतंय?"

रुद्राणीनं कागदावरच्या त्या ओळीकडे बघितलं. "कुणी नाही."

"मग माज्याकडं येऊ द्या की."

मी हसलो. रुद्राणी हसली नाही. तिनं मामांचा नंबर विचारला आणि शेवटच्या ओळीत टाकला.

गुरुवारी नऊला चिठ्ठ्या सुटल्या. मुकादमाचं 'मिळाली' असं उत्तर आलं की पडद्यावर हिरवी खूण उमटायची. "वंदु, येरडु, मूरु," रुद्राणी सुरू झाली. वीस झाल्या तसा तिचा आवाज चढला. तिसाव्या चिठ्ठीला मीही उभा राहिलो, आणि पुढं तर चक्क तिच्याबरोबर मोजायला लागलो, तेही कन्नड मला येत नसताना. नऊ वीसला एकोणचाळीस. मग पडदा गप्प झाला. साहेब घड्याळाकडे बघायला लागले.

तेवढ्यात रावजी मामांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो लांब धरून वाचला.

"ज्ञानूचा कॅनॉलवरचा फड. निम्मा ह्या गटात, निम्मा त्या गटात. कुनी गटच लिवला न्हाय बगा."

"फोन करा की मुकादमाला," मी म्हणालो.

"कुटल्या? आज कुटली टोळी कॅनॉलच्या अंगाला हाय, ते बगितल्याबिगर कळतंय व्हय?"

गाडीला किक मारून ते गेलेसुद्धा. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. रुद्राणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. नऊ त्रेपन्नला कॅनॉलकडच्या मुकादमाचं 'मिळाली' आलं आणि चाळिसावी खूण हिरवी झाली.

"नलवत्तु," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी मात्र शंका काढली. "ही तर माणसानं नेली. सिस्टीमनं कुठं नेली?"

रुद्राणीनं पडदा त्यांच्याकडे वळवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, सिस्टीमनंच त्यांच्याकडे पाठवली. हे बघा, लिहिलंय." साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

मार्चमध्ये मामा रिटायर झाले. कारखान्याचं पत्र आलं, शेवटच्या ओळीतला नंबर बदलायचा आहे, नवा कळवतो. तो अजून कळवलेला नाही. या हंगामात नऊ चिठ्ठ्या त्या ओळीपर्यंत आल्या आणि नऊच्या नऊ पोचल्या. परवा रुद्राणीनं मामांना फोन केला. त्रास होत असेल तर दुसऱ्या कुणाचा नंबर घालते, म्हणाली.

"ते बदलायला तुमाला चार मिंटं लागत्यात न्हवं?" मामांनी विचारलं.

"हो."

"तेवडी चार मिंटं काडू नका, ताई."

रुद्राणीनं फोन ठेवला आणि उघडलेली फाईल तशीच बंद केली.